काकांची वाट नकाशात

रस्त्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. एकदा गेलो तिथे मी दुसऱ्यांदा कोणाला विचारत नाही. त्यामुळे दोन हजारच्या दशकाच्या शेवटी मी कंपनीनेच नकाशा दाखवणारा पडदा बसवलेली गाडी घेतली आणि वटारला काकांकडे जाताना त्या पडद्यावर नुसतंच हिरवं दिसू लागलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. मुख्य रस्ता सोडला की आमची गाडी म्हणजे हिरव्यात तरंगणारा एक बाण!

मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. सोबत स्वतः काढलेला नकाशा जोडला: काकांच्या वाडीतून जाणारी वाट, मागची चार घरं, आणि पुढे कळंबकडे निघणारं तोंड. वर्षभराने सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने नव्या नकाशाची डिस्क घातली आणि बजावलं, ‘‘नकाशा पूर्ण चढेपर्यंत इंजिन बंद करू नका.’’ दीड तास मी एसीत बसून होतो. मग पडद्यावर आमची वाट उमटली. मी तडक वटार गाठलं आणि काकांना पुढच्या सीटवर बसवलं.

काकांनी पडद्यावरच्या वाटेवरून बोट फिरवलं. ‘‘म्हंजे आता कोनीपन येनार?’’

‘‘येऊ देत की! काय बिघडतं?’’

बिघडत होतं, आणि ते मला ठाऊक असायला हवं होतं. ती वाट काकांच्या जमिनीतली. आजोबांनी मागच्या चार घरांना ती तोंडी दिलेली, कागद नाही. उद्या कोणी ती सरकारी म्हणू नये म्हणून काका दर पाडव्याला दिवसभर तिच्यावर बांबू आडवा बांधत. त्या दिवशी चारही घरं बिनतक्रार बांधावरून वळसा घालून जात. मी मात्र हा म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा समजत आलो होतो.

तोच नकाशा इतर गाड्यांतही गेला होता. पहिल्या रविवारी कळंबच्या समुद्रावर निघालेल्या तीन गाड्या वाडीतून गेल्या. मे महिन्यात तर रांग लागली. केळींना पाणी नेणारा पाट वाट ओलांडून जायचा, तो चाकांनी पार सपाट केला. काकांनी हात आडवा केला तर एकाने पडद्यावर बोट ठेवलं, ‘‘अंकल, मॅपमध्ये रोड आहे. गव्हर्मेंटचाच असणार.’’

काका कुदळ घेऊन पाट पुन्हा खणू लागले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी फाटक लावून चार घरांना किल्ल्या द्यायचं सुचवलं, तेव्हा मात्र ते उसळले, ‘‘माझ्या बापानं दिलेल्या वाटेला मी कुलूप लावू? त्या चार घरांनी काय केलंय?’’

मी चुकलो होतो. पण चूक निस्तरण्यातही मी कोणाला हार जाणारा नाही. कंपनीला दुसरं पत्र गेलं: ही वाट खासगी आहे, काढून टाका. आणि नवी डिस्क येईपर्यंत दर रविवारी अकरा ते पाच मी माझी गाडी वाटेच्या तोंडाशी आडवी लावून आत बसू लागलो. चार घरांच्या सायकली-स्कूटर कडेने निघत. बाकीच्यांना मी परत पाठवायचो. त्यांनी पडदा दाखवला की मी सांगायचो, ‘‘तो नकाशा मीच काढलाय. चुकीचा आहे.’’ बायको म्हणायची, नोकरी सोडून वॉचमनच हो.

पुढच्या वर्षी नवी डिस्क आली आणि वाट पुसली गेली. मी काकांना गाडीत बसवून दाखवलं. त्यांनी पडदा नीट निरखला.

‘‘म्हंजे आता गाड्या येनार नाय?’’

‘‘जुनी डिस्क असलेला एखादा चुकून येईल. बाकी कोणी नाही.’’

काका वर्षभरात पहिल्यांदा हसले. दार उघडून उतरले, आणि खिडकीत वाकून अगदी मायेने म्हणाले, ‘‘मंग तू पन चालत येत जा.’’