बुडाला लागलेला भात

सव्वीस डिसेंबरला शाळेत मला कुणी काम सांगू नये. खाली वाकता येत नाही. खडू पडला तर पोरं उचलून देतात आणि एकमेकांकडं बघून हसतात. हसू देत. आमच्याकडं नाताळची सुट्टी एकच दिवस. पंचवीसला पोट फुटेस्तोवर खायचं आणि सव्वीसला बीदरच्या थंडीत शाळेत हजर व्हायचं. मधल्या सुट्टीत आम्ही चौघी मैत्रिणी स्टाफरूममधल्या खुर्च्यांत पसरतो, ओव्याची बाटली हातोहात फिरते, आणि विषय दोनच. काल कुणी किती हाणलं, आणि घरच्यांनी कुणाला काय दिलं.

चौघींतली मी मराठीची बाई. माहेर खजुरी गावचं, शेंगांच्या पोळ्यांवर वाढलेली, तेव्हा माझ्या अंगाबद्दल कुणी बोलायचं नाही. दुसरी कन्नडची, वयानं मोठी, तिला सगळी शाळा अक्का म्हणते. अक्का पक्की शाकाहारी, अंड्याच्या वासानंसुद्धा नाकाला पदर लावणारी. तिचा दोष एकच, भात चुलीवर ठेवते आणि फोनवर बोलत बसते. तिच्या डब्यातला न करपलेला भात मी अजून पाहिलेला नाही. तिसरी गणिताची, ठाणाकुशनूरची. बुद्धपौर्णिमेची खीर खायला आम्ही तिच्याकडं जातो आणि तिच्या जिभेचे फटके वर्षभर खातो. चौथी विज्ञानाची. नाताळ तिच्याकडं असतो, म्हणून ती आमची नाताळवाली.

मागच्या वर्षी नाताळच्या आधीच आमच्या गप्पा रंगल्या होत्या. माझ्या लेकीनं पुण्याहून मला हातातलं घड्याळ पाठवलं होतं. त्यांच्या ऑफिसात नाताळला एकमेकांना काहीबाही देतात म्हणे, त्यात तिला आईची आठवण झाली. साधं घड्याळ नाही ते. माणूस जास्त वेळ बसलं की मनगटावर थरथरतं आणि म्हणतं, उठा.

“लेकीनं घड्याळ न्हाई, सासू पाठवलीय तुला,” कुशनूरवाली म्हणाली.

अक्काला तिच्या लेकानं भाताचा विजेचा कुकर दिला होता. तो तिनं तसाच खोक्यात ठेवला होता. “त्यातल्या भाताला चव न्हाई,” ती म्हणाली.

“व्हय, करपल्याशिवाय तुला चव कुठली कळायला,” मी म्हणाले, आणि आम्ही तिघी हसलो. नाताळवाली हसली नाही. ती वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसली होती. म्हणाली, “यंदा आमच्याकडं काहीच न्हाई गं. तुम्ही येऊ नका.”

तिच्या घरचा नाताळ म्हणजे तिचे सासू-सासरे. आम्ही तिघी त्यांना अव्वा आणि अप्पाच म्हणायचो. अप्पा रिटायर्ड बस ड्रायव्हर. दारातून आत येताना जरा तिरकं व्हावं लागायचं असा देह, आणि आवाज हॉर्नसारखा. अव्वा पहाटेपासून मटणाच्या बिर्याणीला लागायच्या. अक्कासाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात भाज्यांचा पुलाव. वाढायचं काम मात्र अप्पांचं. पळी घेऊन आमच्या पाठीमागं उभे. कुणी ‘साकू’, म्हणजे पुरे, म्हटलं रे म्हटलं की गरजायचे, “माझ्या घरात साकू म्हणायचं न्हाई!” आणि ताटात अजून एक पळी. निघताना अव्वा प्रत्येकीला ब्लाउजपीस द्यायच्या, दरवर्षी त्याच बाटलीहिरव्या रंगाचा. आम्हा तिघींचे हिरवे ब्लाउज बघून शाळेतले सर विचारायचे, युनिफॉर्म काढलाय का.

सगळ्यांची जेवणं उरकली की ती दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर समोरासमोर बसायची. पातेल्याच्या बुडाला लागलेली भाताची खरवड अव्वा उलथन्यानं काढायच्या आणि एकाच ताटात निम्मी इकडं, निम्मी तिकडं करायच्या. तांबूस, कुरकुरीत. गळ्यापर्यंत जेवलेल्या माझ्या तोंडाला पुन्हा पाणी सुटायचं. एकदा न राहवून मी बशी पुढं केली. अव्वांनी हसत ताट मागं ओढलं. “बिर्याणी सगळी तुझी, बाई. हे आमच्या दोघांचं.”

त्या अव्वा त्याच वर्षी आषाढात गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास दिला नाही.

“मामा जेवंनात,” नाताळवाली सासऱ्यांबद्दल सांगायला लागली. “अर्धी भाकर खात्यात, साकू म्हणत्यात आन् ताट ढकलत्यात. दवाखान्यात दाखवलं, सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणले, रोग काही न्हाई, माणूस खाईना म्हणून वाळायलाय. असंच चाललं तर उन्हाळा काढणार न्हाईत ते. मला लई भ्या वाटायलंय गं.”

माझा स्वभावच असा की भीती वाटली की मला राग येतो. “चुलीत गेलं तुझं येऊ नका,” मी म्हणाले. “आम्ही येणार.”

आमच्या भागात घरातलं माणूस गेलं की पहिल्या सणाला त्या घरात कढई चढत नाही. सोयरे, शेजारी डबे घेऊन जातात, अंगावर घालायला काहीतरी नेतात, घरच्यांना मध्ये बसवून जेवू घालतात. मग पुढचे सण त्या घरानं करायचे. आणि नेलेलं अन्न परत आणायचं नाही, तिथंच बसून संपवायचं.

“त्यांच्यात चालतं का पण ते?” अक्का म्हणाली.

“आमच्यात असलं काही न्हाई,” नाताळवाली म्हणाली. “पाळक येऊन प्रार्थना करून गेलेत.”

“मग झालं तर,” मी म्हणाले. “तुमची प्रार्थना झाली, आता आमचं जेवण.”

मी शेंगांच्या पोळ्या करायच्या, कुशनूरवालीनं कोंबडीचा रस्सा आणि ज्वारीच्या भाकरी, अक्कानं पुलाव. पुलाव ती डब्यात भरून आणणार नव्हती, आपलं पातेलंच घेऊन येणार होती. “यंदा अव्वा न्हाईत,” ती म्हणाली. “माझं पातेलं वेगळं कोण ठेवंल?” अप्पांना आम्ही तिघींनी मिळून लोकरीचा स्वेटर घेतला. दुकानदारानं माप विचारलं. मी दोन्ही हात पसरून दाखवलं आणि म्हणाले, सगळ्यात मोठा काढा.

आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी मान्यच करते. अप्पांच्या शेजारी राहणाऱ्या खालाला मी सांगितलं. ती गल्लीला बोलली. चर्चमधल्या दोघी बायका बाजारात भेटल्या, त्यांनाही सांगितलं. काय आणायचं ते सांगितलं, परत न्यायचं नाही तेही बजावलं. परिणाम असा झाला की नाताळच्या दुपारी आम्ही पोचलो तर अप्पांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गच्चीवर दरवर्षी लागणारा कागदी तारा नव्हता, पण खाली डबेच डबे. खालाचा शीरखुर्मा, चर्चच्या बायकांचे केक आणि करंज्या, समोरच्या घरातून गुलाबजाम, मागच्या घरातूनही गुलाबजाम. आणि माझ्याच कृपेनं यातलं काही परत जाणार नव्हतं.

“अति तिथं माती,” कुशनूरवाली माझ्या कानात म्हणाली. “संपव आता तू एकटी.”

अप्पा अंगणात खुर्चीवर बसले होते. सकाळी चर्चला जाऊन आले होते, कुणाशी बोलले नव्हते. मी स्वेटर पुढं केला. त्यांनी तो अंगात घातला. खांदे दंडावर उतरले होते, बाह्यांतून बोटंसुद्धा दिसत नव्हती. आम्ही आधीच्या वर्षीच्या अप्पांचं माप घेतलं होतं.

“बदलून आणते, अप्पा. लहान मिळंल,” मी म्हणाले.

“आण,” ते म्हणाले. पण काढून द्यायचंही त्यांना सुचलं नाही.

पंगत अंगणातच बसली. मी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो खाल्ला. दुसरा पुढं केला तर ताट हातानं सरकवलं. “साकू.”

सगळे हात थांबले. मग माणसं खाली मान घालून जेवायला लागली. मी वाढायला उठले. वाढणं हा माझा प्रांत नाही, मी खाणारी बाई. एकाच्या शीरखुर्म्यात रस्सा सांडला, खालाच्या ताटात पुलावावर गुलाबजाम गेला. जरा टेकले तर मनगटावरचं घड्याळ थरथरलं. “उठ म्हणायलंय बघ,” कुशनूरवाली म्हणाली. मी पुन्हा उठले, खालापुढं पोळी धरली. खाला दोन्ही हात ताटावर आडवे घालून म्हणाली, “बस, बाई, साकू, साकू.” मीही दमले होते. म्हटलं, बरं.

“कोण म्हणलं साकू?”

आवाज खुर्चीतून आला होता. अप्पा उठले होते. त्यांनी स्वेटरची एक बाही दुमडली, मग दुसरी, दोन-दोन घड्या घालून वर सारली, आणि माझ्या हातातली पोळी काढून घेतली. “असं वाढत्यात का? माणूस उठून पळंल. सरक तिकडं. माझ्या घरात साकू म्हणायचं न्हाई!” आणि खालाच्या ताटात पोळी पडली. मग पळी घेऊन जे निघाले ते पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. चर्चच्या बायका तोंडावर हात धरून नाही नाही करत होत्या आणि खात होत्या.

“जित्याची खोड...” कुशनूरवालीच्या तोंडून गेलं, आणि तिनं जीभ चावली. दुःखाच्या घरात ती म्हण! आम्ही सगळे गार पडलो.

अप्पा पळी घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. “मेल्याशिवाय जात न्हाई. पुरी म्हण की. मी कुठं मेलोय अजून?” आणि तिच्या ताटात दोन पळ्या रस्सा ओतला.

त्यावर पंगत अशी हसली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मीही हसले आणि चार माणसांचं जेवले. रस्सा, केक, करंज्या, सगळं साफ. पण ताटं उचलताना नाताळवालीनं मला बाजूला ओढलं. “वाढलं सगळ्यांना,” ती म्हणाली. “पण स्वतः एक घास खाल्ला त्यांनी. तेवढाच.” तिचे डोळे भरले होते. आता माझाही धीर सुटला. एवढा सगळा खटाटोप करून आम्ही नुसतं आमचंच पोट भरून घेतलं होतं.

आम्ही स्वयंपाकघरात आलो तर अक्का तिचं पातेलं मोरीजवळ लपवत होती. “लागलाय गं बुडाला,” ती चोरासारखी म्हणाली. “निघताना बहिणीचा फोन आला व्हता.” वरचा पुलाव तिनं हळूच काढून पंगतीला दिला होता. खालचा जाडजूड थर आता ती भिजत घालणार होती. तिनं पाण्याचा तांब्या उचलला.

“थांब. पाणी घालू नको.”

अप्पा दारात उभे होते. त्यांनी नाकानं वास घेतला. मग आत आले, पातेलं तिच्या हातातून घेतलं आणि जमिनीवर मांडी घालून बसले. उलथनं मागितलं. खर्र खर्र करत खरवड काढायला लागले. कडेनं तांबूस, मध्ये चांगलीच काळी. सगळी ताटात काढली, बोटांनी सारखी केली, निम्मी इकडं, निम्मी तिकडं. सवयीचा हात होता तो, बघावं लागत नव्हतं. मग त्यांनी वर बघितलं. समोर कुणी नव्हतं.

हात तसाच ताटावर राहिला. मला वाटलं आपण जाऊन बसावं. आयुष्यभर ज्या खरवडीसाठी जीभ चाळवली ती समोर होती. पण माझा पाय उचलेना. ते माझं नव्हतं.

नाताळवालीनं पदराला हात पुसले. या घरात लग्न होऊन आल्यापासून ती सगळ्यांच्या मागून, ओट्याशी उभ्यानं जेवायची. ती आली आणि अप्पांच्या समोर जमिनीवर बसली. म्हणाली, “मामा, माझा वाटा द्या.”

अप्पा तिच्याकडं बघतच राहिले. मग ताट दोघांच्या मध्ये सरकवलं. तिनं एक तुकडा तोंडात टाकला. त्यांनीही टाकला. दोघं कुरुम कुरुम चावत होती, आणि आम्ही तिघी भिंतीला टेकून उभ्या होतो, डोळे पुसायचंही भान नव्हतं. अप्पांनी दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. त्यांचा वाटा संपला तेव्हा तिनं आपल्यातला थोडा त्यांच्याकडं सारला. त्यांनी तोही खाल्ला. साकू म्हणाले नाहीत.

“लई करपलाय,” ते म्हणाले. “कसा करपवतीस गं अक्का एवढा?”

“फोनवर बोलत बसायचं, अप्पा,” अक्का रडत रडत म्हणाली. “दुसरं काही न्हाई.”

“आयकलंस?” ते सुनेला म्हणाले. “उद्या भात जरा ज्यास्ती वेळ ठेव चुलीवर.”

निघताना मला स्वेटरची आठवण झाली. बिल पर्समध्ये होतं, दुकान सातपर्यंत उघडं होतं. मी हात पुढं केला, “अप्पा, द्या तो. लहान आणते.”

अप्पांनी खाली बघितलं. पोटाजवळ स्वेटर मुठीत धरून पुढं ओढला, आत किती जागा आहे ते बघितलं, आणि मूठ सोडली.

“ऱ्हाऊ दे हाच,” ते म्हणाले. “भरंल.”