सोयगावचा रॉड

क्रांती चौकामागच्या गल्लीत रत्नमाला वीस वर्षं हीटर अन् इस्त्र्या दुरुस्त करते. वस्तू उघडायच्या आधी ती मीटर लावते. अंदाजपंचे बोललेलं तिला खपत नाही.

त्या दिवशी सोयगावहून काकासाहेब पाणी तापवायचा रॉड घेऊन आले. "ताई, हा लई थकलाय. बादलीला तास लागतो. याची कॉइल बदला."

तिनं रॉड बादलीत सोडून मीटर लावला. दोनशे तीस व्होल्ट, चार पॉइंट सहा अँपिअर. भागाकार केला, रेझिस्टन्स पन्नास ओहम. गुणाकार केला, ताकद हजार वॅटच्या वर. रॉड ठणठणीत होता.

"घरी सकाळी व्होल्टेज किती असतं?"

"फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर एकशे साठ दिसतं."

"मग झालं की! रेझिस्टन्स तोच, पन्नास. म्हंजी करंट तीन पॉइंट दोन अन् ताकद पाचशे बारा वॅट. निम्मीच! गरीब रॉडला कशाला नावं ठेवता?"

काकासाहेब ओशाळले. "रॉडला आजच ठेवली, ताई. दोन वर्षं बायकोलाच बोलत होतो, उशिरा उठती म्हणून."

रत्नमालानं रॉड कागदात गुंडाळला, त्यावर पेनानं सगळं गणित लिहिलं अन् म्हणाली, "हे घरी मोठ्यानं वाचा."