आंब्यावरचं नेचं

आमच्या आंबोलीच्या अंगणातल्या आंब्यावर, बेचक्यात, नेच्याचा मोठा झुबका आहे. वर हिरवी पानं, बुडाशी वाळलेली तपकिरी. पण तीही न गळता खोडाला बिलगून असतात.

परवा आमचे हे कोयता घेऊन शिडी चढले. "बांडगूळ आहे. झाड शोषून घेईल."

पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, एकदम उठल्या. एरवी त्या कशातच बोलत नाहीत. नवरा गेल्यावर माहेरी आल्या, तेव्हापासून सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं वाढून घेतात.

"नको रे तोडू. त्याची मुळं झाडात शिरत नाहीत. नुसतं आधाराला बसलंय ते. पाचोळा साठवतं, त्यावरच जगतं. झाडाचं काही घेत नाही."

हे खाली उतरले. मी वर बघत राहिले. आधाराला आलेल्याला आपण किती चटकन बांडगूळ म्हणतो! मग आपल्याला कुणी तसं म्हणू नये, म्हणून एखादं माणूस जन्मभर पाचोळ्यावर भागवतं.

दुपारी मी पहिलं ताट वन्संचं वाढलं.

"तुमचं होऊ दे आधी," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या भातावर तूप वाढलं आणि शेजारी माझं ताट मांडलं.