उजवा घोटा

बाईंनी माझा घोटा छडीनं हलवून पाहिला. हातानं नाही.

अमरावतीच्या आमच्या शाळेचं मैदान. खो-खोचा सराव चालू होता. पळता पळता वळले आणि उजवा पाय मुरगळून पडले. घोटा टरटरून फुगला. थोड्याच दिवसांपूर्वी सुमनचा, वकिलाच्या मुलीचा, पाय असाच मुरगळला होता. तेव्हा खेळ शिकवणाऱ्या याच बाई मातीत बसल्या. तिचा पाय मांडीवर घेतला. हळद लावून पट्टी बांधली. मला छडी. वर म्हणाल्या, "तुम्हा लोकांची हाडं दणकट असतात. ऊठ."

पोरी हसल्या. मी उठले. लंगडत महारवाड्यात आले.

आई लोकांच्या शेतात निंदायला जायची. माझा पाय दाबून बघत म्हणाली, "रडू नको. पाय तुया हाये. तूच त्याले वळख."

सूज उतरली, पण पायाचा भरवसा गेला. मग शेताच्या धुऱ्यावर, अरुंद बांधावर, एका पायावर उभी राहू लागले. डोळे मिटून. आधी धाडकन पडायचे. हळूहळू घोट्याच्या आत काहीतरी बारीक हलतंय, सावरतंय, ते कळू लागलं. तोल जायच्या आधी कळायचं. आजवर नुसती धावत होते. आता पाऊल कसं पडतंय, ते आतून समजायचं. वर्गात बाकावर बसले तरी पाय स्वस्थ नसायचा. पुन्हा मैदानात उतरले, तर मी कुणाच्या हाती लागेना. सुमनच्याही नाही.

बाई म्हणाल्या, "अकोल्याला सामने आहेत. तूही चल."

मी अख्ख्या वस्तीला सांगत फिरले.

अकोल्याच्या मैदानाच्या कडेला बाईंनी तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "मुलींचे पाय चोळून दे. सुमनपासून सुरू कर."

"आन मी कवा खेळू?"

"तुला खेळायला कोणी आणलंय?"

सुमननं पाय पुढं केला. माझ्या पायाचा विटाळ होतो. माझे हात मात्र चालतात.

"मी खेळाले आली. पाय दाबाले नाही."

वाटीला हात लावला नाही. बाईंनी लगेच शिपायासोबत गाडीत बसवून मला परत धाडलं.

मुख्याध्यापकांनी आईला बोलावलं. "पोरीला माफी मागायला लावा. नाहीतर तिचा खेळ बंद."

मी विचारलं, "माफी काहून मागू? पाय नाही दाबले म्हून?"

ते आईकडं पाहू लागले. आई म्हणाली, "तिले नाही मागाची, तं मी काहून सांगू?"

संघातून मला काढलं.

कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत मी वस्तीतल्या पोरी जमवल्या. बाभळीचे खांब रोवले. ढेकळं फोडून जमीन सारखी केली. शाळेतून निरोप आला, असला संघ सामन्यांत घेणार नाहीत.

नका घेऊ. आमी येऊ. मैदानाच्या तोंडाशी उभं राहू. हाकललं तं पुन्हा येऊ. खेळाची परवानगी मी आता कोणाले मागणार नाही.