कमी ऑक्सिजनचा मास्क आणि माझा तोरा

परवा मंगळवारी यांना घेऊन नवा रायपूरच्या हार्ट सेंटरला गेले होते. तिथे जे झालं त्याची अजून लाज वाटतेय...

यांना गेल्या हिवाळ्यात हार्ट अटॅक आला. रेल्वेत उभा जन्म धावपळ केलेला माणूस, आता ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घराचा जिना चढताना मध्येच थांबायला लागला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून एक ट्रेनिंग सुचवलं. खुर्चीत बसून मास्क लावायचा. त्यातून थोडा वेळ कमी ऑक्सिजनची हवा येते, मग थोडा वेळ साधी... हृदयाला हळूहळू सवय लागते म्हणे. बोटाला क्लिप, समोर स्क्रीन, शेजारी फिजिओथेरपिस्ट.

पण हे मास्क लावायचे आणि लगेच ओढून काढायचे. आधी दोनदा झालं, मंगळवारी माझ्यासमोर पुन्हा तेच. सुट्टी टाकून, गाडी चालवत एवढ्या लांब आणते मी... माझं डोकंच फिरलं.

"काहून नाटक करून राहिले? लहान पोट्टे बी इतके घाबरत नाही! नुसतं बसायचं तर आहे."

बाकावर दोन पेशंट बसले होते. त्यांनी नजर खाली घातली.

फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, "आंटी, डर तो सबको लगता है." मी कुठली ऐकते! म्हटलं, "मुझे दो, मैं लगाके दिखाती हूँ."

तिने नवा मास्क काढून दिला. मी ऐटीत शेजारच्या खुर्चीत बसले, पट्टा घट्ट केला. रबराचा वास, कानात स्वतःच्याच श्वासाचा आवाज... जेमतेम दोन-तीन श्वास झाले असतील. छाती धडधडायला लागली. हवाच नाही असं वाटलं आणि मी मास्क ओरबाडून काढला. "बंद करो! मशीन बंद करो!"

ती मुलगी गोंधळून म्हणाली, "आंटी, पाइप तो अभी जोड़ा ही नहीं. ये तो कमरे की ही हवा थी."

कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं...

हेच हळूच म्हणाले, "होते असं. मले ॲम्ब्युलन्समधला मास्क आठवते. वाटते, आता पुन्हा तसंच होणार."

त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये मी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागे यांच्यावर काय गुजरलं ते मला माहीतच नव्हतं. इतक्या महिन्यांत मी विचारलंही नव्हतं.

मग यांनी स्वतःहून मास्क हातात घेतला. लावताना पट्टा दोनदा बोटांतून सुटला. आधीच्या दोन्ही वेळी असेच चाचपडले असतील, तेव्हा मी बाहेर मोबाइल बघत बसले होते. मी खुर्ची जवळ ओढली, यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हटलं, "नाही जमलं तर लगेच काढू." पहिला राउंड पूर्ण झाला. मध्ये एकदा त्यांनी माझी बोटं घट्ट दाबली, एवढंच.

परतताना गाडीत मी माफी मागितली. "कायची माफी?" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. विसरले नव्हते. मला अपराधीपणातून सोडवत होते. त्यानं तर मी जास्तच खजील झाले...

उद्या पुन्हा सेशन आहे. मी टाकून बोलले होते चारचौघांत, मग माफी तेवढी गाडीच्या काचा लावून कशी चालेल? उद्या तिथेच, सगळ्यांसमोर मागणार आहे.