ओल्या छत्र्या आणि नंदाताईंचा डबा

रेकॉर्डला थंडी वाजेल, हा विचार आपल्या डोक्यात आला कुठून, हे गिरीशला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. शहाऐंशीचा फेब्रुवारी, जर्सी सिटीतली हवा अशी, की गाडीचं हँडल हाताला चिकटून बसायचं. अशा गारठ्यात ती बिचारी रात्रभर डिकीत ठेवायची? गिरीशने ती घरात आणली, अपार्टमेंटमधली सगळ्यात उबदार आणि सपाट जागा शोधून काढली आणि झोपलेलं बाळ ठेवावं तशी तिथे अलगद ठेवली. ती जागा म्हणजे खोली गरम ठेवणारा वाफेचा रेडिएटर होता.

सकाळी कव्हरातून बाहेर काढली, तेव्हा रेकॉर्डची कढई झाली होती. फार खोल नाही, त्यात भजी काही तळता आली नसती. पण ऑम्लेट नक्की झालं असतं.

दुसरी कुठली रेकॉर्ड असती तर गिरीश मॅनहॅटनला जाऊन नवी घेऊन आला असता. ही मिळणार नव्हती. इंग्लंडमधल्या चार पोरांच्या बँडचा हा पहिलाच अल्बम. बँडचं नाव ‘द वेट अंब्रेलाज’, म्हणजे चक्क ओल्या छत्र्या. मोठ्या कंपन्यांनी त्यांना दारातून परत पाठवलेलं. कॉव्हेंट्रीतल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत थाटलेल्या चिमुकल्या कंपनीने रेकॉर्ड काढली. अमेरिकेत ती विकायला येणं तर सोडाच, तिचा इथे कुणाला पत्ताही नव्हता. एकच प्रत अटलांटिक ओलांडून आली, तीही आपल्या लोकांच्या खात्रीच्या टपालाने, म्हणजे कुणीतरी येणाऱ्याच्या बॅगेतून, पापडांच्या दोन थरांमध्ये. त्या येणाऱ्याला विमानतळावरून आणायला गिरीश गेला होता. इथल्या मराठी मंडळात स्टेशन वॅगन असलेला एकटा माणूस तोच, त्यामुळे सगळ्यांचे पाहुणे त्याचेच.

आणि ओल्या छत्र्यांचा ड्रमर होता विनय, नंदाताईंचा भाचा. दुपारी तीन वाजता नंदाताईंच्या घरी अख्खं मंडळ ही रेकॉर्ड ऐकायला जमणार होतं.

नंदाताई कारखानीस मूळच्या मिरजेच्या. इथे येऊन पंधरा वर्षं झाली, तरी शब्द वापरायचे ते तोळ्यामाशाच्या हिशोबाने. हॉस्पिटलात त्यांचं काम रक्त काढायचं. बाकीच्या मुली पेशंटला “मुंगी चावल्यासारखं वाटेल हं, हनी,” असं गोंजारत. नंदाताई दंडाला पट्टा बांधून एकच वाक्य बोलत, “दुखेल.” आणि दुखायच्या आत सुई बाहेर आलेली असे. पेशंट त्यांचं नाव विचारत यायचे. हृदयाचे डॉक्टर त्र्यंबकराव जोगळेकर एकदा गणपतीत तासभर बोलले आणि मोठ्या आशेने विचारते झाले, “कसं झालं भाषण?” नंदाताई म्हणाल्या, “लांब.”

अशा बाईने घरोघर फोन केले होते. “शनिवारी तीनला या. विनयची रेकॉर्ड येते आहे. वडे आहेत.” नंदाताईंच्या तोंडून एका दमात तीन वाक्यं! मंडळ हादरलं. बातमी एडिसनला पोचली तोवर विनय लंडन गाजवत होता आणि पार्सिपनीला पोचेपर्यंत तो राणीसमोर वाजवून आला होता.

खरी गोष्ट काय, ते त्या घराबाहेर फक्त गिरीशला ठाऊक होतं, कारण तो एकटा जीव आठवड्यातून चारदा नंदाताईंकडेच जेवायचा. सात वर्षांपूर्वी विनय उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे आला होता. पोरगं टेबल वाजवी, खिडकी वाजवी, झोपलेल्या गुरुदत्तरावांचं, म्हणजे नंदाताईंच्या यजमानांचं, पोटही वाजवी. खालच्या मजल्यावरच्या मिसेस कोवाल्स्की झाडूच्या दांड्याने छत ठोकून हैराण. गुरुदत्तराव म्हणाले, “अगं, त्याला दोन रट्टे दे, नाहीतर मी देतो.” नंदाताईंनी रट्टे दिले नाहीत. फडताळातला सगळ्यात मोठा डबा काढला, रुखवतात आलेला, झाकणावर ‘चि. सौ. कां. नंदा हिस, मामांकडून’ असं नाव घातलेला. त्यातले पोहे परातीत ओतले आणि डबा विनयपुढे ठेवला. “हा वाजव. बाकीचं सोड.”

सुट्टी संपली तेव्हा डबा सोडवेना. मग नंदाताईंनी त्यात चिवडा भरून दिला. गिरीशच्याच गाडीतून विनय विमानतळावर गेला, डबा मांडीवर घेऊन. आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नसतो. विनयने तर परतच केला नाही. तेव्हापासून कारखानिसांचे पोहे कॉफीच्या रिकाम्या डब्यात राहत होते. नंदाताईंनी नवा डबा घेतला नाही.

आणि मागच्या महिन्यात विनयचा फोन आला. गिरीश तेव्हा पानावर बसला होता आणि फोनमधला आवाज त्याच्यापर्यंत येत होता. “मावशी, लास्ट साँग नीट ऐक. तुझा डबा आहे त्यात.” नंदाताई म्हणाल्या, “ऐकल्यावर बघू,” आणि फोन ठेवून त्यांनी वरणात दुसऱ्यांदा मीठ घातलं. गिरीश ते वरण मुकाट्याने जेवला. बाई किती हरखली आहे, ते त्याला त्या मिठावरून कळलं.

म्हणूनच आता ती कढई घेऊन गिरीश त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारातच थबकला आणि मग दोन्ही हातांनी त्याने ती पुढे केली.

नंदाताईंनी झारा थांबवला. “कुठे ठेवली होतीस?”

“रेडिएटरवर.”

“का?”

“थंडी वाजेल म्हणून.”

नंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं, न सापडणाऱ्या शिरेकडे पाहावं तसं. मग रेकॉर्ड टेबलावर ठेवली आणि वड्यांकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुढचा वडा तेलात सोडला तो वाटोळा राहिला नाही, आणि नंदाताईंचा वडा वाकडा झालेला गिरीशने आजवर पाहिला नव्हता.

तोवर माणसं यायला लागली. बातमी बुटांच्या ढिगापाशीच फुटली आणि पुढची दहा मिनिटं त्या घरात मंडळाची सर्वसाधारण सभा भरली.

“बर्फ लावा,” त्र्यंबकराव म्हणाले.

“अहो डॉक्टर, सूज नाहीये ती! इस्त्री फिरवू या, लो हीटवर,” चारुदत्त म्हणाला. हा पंपांच्या कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर.

“इन्शुरन्स होता का?” गुरुदत्तरावांनी विचारलं.

गिरीश मात्र दिवाणखान्यातल्या सेंटर टेबलाकडे टक लावून बघत होता. वर काच, खाली काच. एकदम तो ओरडला, “रेडिएटरनेच वाकवलीय ना? मग तोच सरळ करेल! दोन काचांच्या मध्ये घालू, वर वजन ठेवू!”

“काच फुटली तर?” गुरुदत्तराव म्हणाले.

“फुटू दे,” आतून आवाज आला. पाठोपाठ नंदाताई आल्या. हातात दगडी पाटा. पंधरा वर्षांपूर्वी विमानात याच पाट्यापायी गुरुदत्तरावांना कोट, स्वेटर आणि तीन पुस्तकं अंगावर चढवून बसावं लागलं होतं.

रेडिएटरवर काच, काचेवर रेकॉर्ड, रेकॉर्डवर काच आणि त्यावर पाटा. मग काय विचारता! वडे खाता खाता जो तो उठून जाऊन वाकून बघे. त्र्यंबकरावांनी दोनदा नाडी बघितल्यासारखी काच चाचपली. चारुदत्त जमिनीला गाल टेकवून म्हणाला, “बसतेय! यार, बसतेय!” सगळे त्याच्या शेजारी आडवे. कुणाचा हात पुढे झाला की नंदाताई म्हणत, “गरम आहे. थांबा.” मग सगळा थर खिडकीपाशी निवायला ठेवला, आणि एवढी सगळी माणसं एका पाट्याकडे बघत बसली.

रेकॉर्ड निघाली ती जवळजवळ सपाट. मधला भाग छान बसला होता. कडेला मात्र अजून जराशी झालर होती. गिरीशने सुईच्या डोक्यावर पाव डॉलरचं एक नाणं चिकटवलं, उडू नये म्हणून. सुई ठेवायला मात्र नंदाताई पुढे झाल्या. त्यांच्या हाताने सुई कधी टेकली, कळलंही नाही.

कडेचं पहिलं गाणं होडीत बसल्यासारखं वर-खाली झालं आणि तीनदा उडी मारून पुढे गेलं. दुसरं जरा स्थिरावलं. गिटारी झिणझिणत होत्या आणि एक मुलगा तोंडात घास असल्यासारखा गात होता.

“हे बिघडलंय ना अजून?” त्र्यंबकरावांनी हळूच विचारलं.

“बाबा, इट्स सपोज्ड टु साउंड लाइक दॅट!” त्यांची रुपाली डोळे मोठे करून म्हणाली. “धिस इज सो गुड!”

बाजू उलटली. सुई आत आत सरकू लागली. नंदाताई स्टुलावर ताठ बसल्या होत्या, मांडीवरचा टॉवेल पिळत. गिरीशला रेकॉर्ड दिसत नव्हती, त्याला तेवढा टॉवेल दिसत होता.

शेवटचं गाणं आलं. गिटार वाजली, मुलगा गायला आणि मग सगळं थांबलं. नुसती खरखर. संपलं की काय?

ठण्ण.

ठण्ण, टडक-टड, ठण्ण.

“अगं, हा आपला पोह्यांचा!” गुरुदत्तराव ताडकन उभे राहिले. “बुडाला पोचा आहे त्याच्या, तोच आवाज! आपला पोचा, अगदी आपला पोचा!”

मग जो गलका झाला! चारुदत्तने ताट वाजवायला घेतलं, रुपाली सोफ्यावर नाचायला लागली, त्र्यंबकराव “वा! काय तब्येतीने वाजवलाय!” करत प्रत्येकाशी हात मिळवत सुटले, आणि ते गाणं पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. खालून मिसेस कोवाल्स्कींनी दांडा ठोकायला सुरुवात केली, तर तो नेमका तालात पडला. त्याचंही कौतुक झालं, आणि त्यांना वर बोलावून वडे दिले गेले.

नंदाताई तेवढ्यात स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या. माणसं पांगल्यावर गिरीश आत गेला. त्या कॉफीच्या डब्यात पोहे भरत होत्या. डोळे लाल होते. पण कांदा तर सकाळीच चिरून झाला होता.

“नंदाताई,” तो गहिवरून म्हणाला, “तो पाहुणा परवा परत चाललाय. विनयसाठी काही निरोप? अगदी मनातलं सांगा.”

नंदाताईंनी डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण दाबून बसवलं.

“माझा डबा परत कर म्हणावं, आणि रिकामा नको.”