नितेशची दुसरी खंजेरी

माह्या लहान्या भावासारखी खंजेरी तेल्हारा तालुक्यात कोनी वाजवत नाई. भाऊ हाय म्हनून नाई सांगत. मी सातवीपर्यंतच शिकलो, पन कान माहे पक्के हायेत. नितेश दिवसभर पान्यातल्या मोटारीची वाइंडिंग करते, बोटाईले वार्निशचा वास. पन तेच बोटं खंजेरीवर पडले का मांडव गप. त्याले पह्यली खंजेरी अकोटच्या बजारातून मीच आनून देल्ली, तो पाचवीत असतानी. म्हनून त्याच्या नावात अर्धं नाव माहं हाय, असं मी लोकाईले सांगतो.

मांगच्या पोळ्याले त्याची बायको संध्या तापात गेली. चार दिवसात. तेव्हापासून दोनी खंजेऱ्या खुंटीले टांगलेल्या. नितेश रडला नाई. दुकानात जाये, मोटारी भरे. वाढलं तं जेवे, नाई वाढलं तं मांगे नाई. पाच महिने असेच गेले.

म्या म्हनलं, "अरे, असं कोनी वाजवनं सोडते काय?"

तो म्हने, "सोडलं नाई दादा. होऊन नाई राह्यलं."

जानेवारीत अकोटच्या पलीकडं एका गावात रातभर खंजेरी भजनाचा कार्यक्रम होता. म्या त्याले न इचारता मंडळाजवय त्याचं नाव देल्लं. त्याले सांगतलं, आयकाले चाल. खंजेऱ्या गुपचूप थैलीत टाकल्या. संग दोन दोस्त घेतले. जठारपेठेत मोबाइलचं दुकान चालवनारा शेखर, अन् यष्टीतून रिटायर झालेला जानराव कंडक्टर. दोघाईले रस्ताभर सांगत आलो, आज आयका, मंग बोला. पन मनात एकच होतं. आज वाजली तं वाजली. नाई तं हा मानूस हातचा गेला.

थंडीत दवानं खंजेरीचं कातडं ढिलं पडते. इस्तवावर शेकल्याबिगर बोलत नाई. मांडवामांगं कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. तठी बसून म्या एक खंजेरी शेकली.

जानराव म्हने, "श्यामभाऊ, भरीत नोको करू तिचं."

शेखर म्हने, "फायबरची घ्या नं आता. शेकाची झंझटच नाई."

"तू मोबाइल वीक," म्या म्हनलं. "कातड्यातलं तुले काय समजते?"

माइकवर नितेशचं नाव घेतलं. त्यानं माह्याकडं पाह्यलं. नाई म्हनाले जेवढी ताकद लागते, तेवढीही त्याच्यात नव्हती. उठला, वर जाऊन बसला. शेकलेली खंजेरी त्याच्या हातात देल्ली अन् मोठा भाऊ म्हनून मीही थैली घेऊन त्याच्या मांगं टेकलो.

अन् वाजली. पह्यल्या भजनाले बुवाचा आवाज चढला, तशी खंजेरी त्याच्या अंगावर धावून गेली. समोरचे म्हातारे सरकून बसले. म्या खाली बसलेल्या शेखरले हातानं खुनावलं, पाह्य, माहा भाऊ हाय. नितेशचं तोंड दिसत नव्हतं. पाठ दिसत होती. पाठ सरळ होती, जशी दुकानात मोटार भरतानी राह्यते तशीच.

दुसरं भजन अर्ध्यात आलं अन् दवानं आवाज उतरला. असं होतेच, म्हनून तं दोन खंजेऱ्या राह्यतात. नितेशनं वयून न पाहता डावा हात मांगं केला. पंजा उघडा.

तो हात म्या दरसाली पाह्यला. हात मांगं जाये, भरून समोर ये. मी समोर बसलो राहो, मान डोलवत, बाजूच्याले सांगत का भाऊ हाय म्हनून. मांगं शेगडीपाशी संध्या बसे. डोक्यावर पदर, हातात दुसरी खंजेरी, इस्तवावर फिरवत. तिले कधी तठी पाह्याचं काम मले पडलं नाई. म्हनून दुसरीही शेकून ठेवा लागते, हे माह्या डोक्यातच आलं नाई.

हात तसाच. बुवा तीच ओळ परत परत म्हने. म्या थैलीत हात घातला अन् गार खंजेरी त्याच्या पंजात ठेवली.

त्यानं थाप मारली. खोक्यावर मारल्यावानी आवाज आला. तवा तो वयला. मले पाह्यलं. राग नव्हता. कोनीतरी दुसरं बसलं असन असं त्याले वाटलं होतं, तेवढंच होतं डोयात. मंग समोर तोंड केलं अन् त्याच गार खंजेरीवर वाजवत राह्यला. टाळवाल्याईनं टाळ मोठे केले.

शेखर खालून म्हने, "काय झालं भाऊ? आवाज बसला काय?"

म्या उतरलेली खंजेरी उचलली, मांगं इस्तवापाशी गेलो. खाली बसलो. शेकली. बोटाले चटका बसला असन, सकायी फोड दिसला. तवा काई समजलं नाई. परत येऊन नितेशच्या मांगं बसलो अन् वाट पाह्यली.

तिसऱ्या भजनाले हात मांगं आला. म्या ठेवली. खणकन बोलली. या खेपी तो वयला नाई.

सकायी यष्टीच्या थांब्यावर चहा पेलो. जानराव म्हने, "श्यामभाऊ, तू सांगतलं त्याच्यापक्षा जास्तच निंघाला पोट्टा." एरवी मी यावर अर्धा घंटा बोललो असतो.

नितेश खंजेरी उलटीपालटी करून पाहून राह्यला होता.

"दादा, लय जवय धरली तू. एका बाजूनं करपली."

"हव."

"फिरवत राहा लागते." मंग म्हने, "मंगळवारी अडगावले बलावून राह्यले मंडळवाले."

"जाशीन?"

"मांगं बसाले कोनी नाई."

"काहून नाई?" म्या म्हनलं. "माह्यासारखी शेकनारा तालुक्यात भेटनार नाई तुले."

तो हासला नाई. "तू दोनी शेकजो," म्हने, अन् यष्टी येईपर्यंत करपलेल्या जागी अंगठा फिरवत बसला.